पिओनी लावताना: फुलाआधी खोड बघा

पिओनीची खरेदी बहुतेक वेळा फोटो बघून होते. वीतभर रुंदीचं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं गुलाबी फूल पाकिटावर छापलेलं असतं, आणि रोप घरी येतं. पुढे तीन-चार वर्षं नुसती पानं येतात, किंवा पहिल्याच हिवाळ्यानंतर रोप नाहीसं होतं. याचं कारण बहुधा एकच असतं: पिओनी तीन प्रकारची असते, आणि एकीची लागवड दुसरीला चालत नाही. किती खोल लावायची, शरद ऋतूत कापायची की नाही, आधार द्यायचा की नाही, हे सगळं खोडावर ठरतं. रंग आणि पाकळ्या त्यानंतर निवडाव्यात.

आधी हवामान. पिओनीला थंडी हवीच. जमिनीखालचे डोळे, म्हणजे मुळावरचे पुढच्या वर्षीचे टोकदार कोंब, हिवाळ्यात काही आठवडे सलग गारठ्यात राहिले, साधारण पाच अंश सेल्सिअसच्या खाली, तरच त्यातून फुलाची कळी येते. सगळ्यात सोशिक जातींनाही असे निदान पाचशे तास लागतात, आणि जास्त मिळाले तर उत्तमच. म्हणून पुण्या-नाशकात, अगदी महाबळेश्वरलाही, बागेतल्या पिओनीचा नाद सोडावा. तिथली थंडी माणसाला बोचते, पण ती रात्रीपुरती असते, आणि उन्हाळ्याची धग डोळ्यांना मारते. भारतात पिओनीची जागा हिमालयात आहे. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर पिओनिया इमोडी ही पांढऱ्या एकेरी फुलांची जात रानात उगवते.

अमेरिकेचा ईशान्य भाग आणि मध्यपश्चिम, कॅनडातलं टोरंटो-ऑटावा, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स ही मात्र पिओनीची हक्काची ठिकाणं. इंडियाना राज्याचं अधिकृत फूल 1957 पासून पिओनीच आहे. अमेरिकेतल्या हवामान विभागांच्या नकाशावर 3 ते 7 क्रमांकात काही विशेष करावं लागत नाही. 8 मध्ये, म्हणजे अटलांटा, रॅली, डॅलस या पट्ट्यात, जात बघून घ्यावी लागते. ह्यूस्टन आणि फ्लोरिडात पैसे घालवू नयेत. हे नकाशे किमान तापमानावर बेतलेले असल्यामुळे रोप थंडीत जगेल का, एवढंच त्यावरून कळतं. फुलायला पुरेशी थंडी मिळेल का, हे कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हाच घोटाळा होतो.

पहिला प्रकार: मऊ दांड्याची पिओनी

हर्बेशिअस पिओनी म्हणतात ती ही. हिवाळ्यात जमिनीवर तिचं काहीही उरत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास, थंड भागात त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मातीतून तांबडे-जांभळे कोंब वर येतात आणि दोन महिन्यांत अडीच-तीन फुटांचं झुडूप उभं राहतं. बागांमधल्या बहुतेक जाती चीन, मंगोलिया आणि सायबेरियातल्या पिओनिया लॅक्टिफ्लोरापासून आल्या आहेत. ही सर्वांत स्वस्त, सर्वांत काटक, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हीच लावावी.

जाती निवडताना फुलाच्या घडणीकडे नीट लक्ष द्या, कारण पावसात फूल टिकेल की लोळेल हे तिच्यावर अवलंबून असतं. एकेरी फुलात पाच ते दहा-बारा पाकळ्या आणि मधे पिवळे पुंकेसर. जपानी घडणीत बाहेर पाकळ्यांची एक-दोन वर्तुळं आणि मधे पुंकेसरांच्या जागी अरुंद पट्ट्यांचा झुबका. निमदुहेरीत पाकळ्या बऱ्याच, पण केसर दिसतात. बॉम्ब घडणीत मधला गोळा वर फुगलेला. दुहेरीत केसर जवळजवळ दिसतच नाहीत.

दुहेरी फूल पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि त्या भारानं दांडी जमिनीला टेकते. ब्रिटन, सिएटल, व्हँकुव्हर अशा ठिकाणी फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस पडतोच, तिथे एकेरी, जपानी किंवा निमदुहेरी फुलं कितीतरी समाधान देतात. फोटोत ती साधी वाटतात. बागेत ती ताठ उभी असतात.

खात्रीच्या जाती सांगायच्या तर फेस्टिव्हा मॅक्सिमा आधी घ्या. 1851 ची फ्रेंच जात, पांढरी दुहेरी, मधल्या पाकळ्यांवर किरमिजी शिंतोडे, वास उत्तम. ती लवकर फुलते, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतही टिकून राहिली आहे. दुशेस द नमूर, 1856 ची, पांढरीच, पण मध्यभागी फिकट पिवळसर-हिरवी झाक. वासासाठी लावावी अशी. सारा बर्नहार्ट, 1906 ची, फुलवाल्यांकडची ती प्रसिद्ध फिकी गुलाबी. ही उशिरा फुलते आणि फूल दांडीला पेलत नाही, त्यामुळे आधाराशिवाय लावू नये. उष्ण भागात तर मुळीच नको: तिच्या कळ्या उघडायच्या वेळेस तिथे ऊन तापलेलं असतं आणि त्या तशाच वाळतात.

कार्ल रोझनफील्ड ही 1908 ची लाल दुहेरी. बाऊल ऑफ ब्यूटी, 1949 ची, बाहेरून गडद गुलाबी आणि मधे सायीच्या रंगाचा झुबका. जपानी घडणीतली पहिली पिओनी म्हणून हिच्याइतकी चांगली दुसरी सुचवता येणार नाही. क्रिंकल्ड व्हाइट ही 1928 ची एकेरी पांढरी, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्यांची. पावसाळी बागेत ती हटकून लावा.

मग संकरित जाती. लॅक्टिफ्लोराचा युरोपातल्या इतर जातींशी संकर करून विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेल्या या जाती आठवडा-दोन आठवडे आधी फुलतात आणि रंग वेगळेच देतात. कोरल चार्म (1964) पोवळ्याच्या रंगात उघडते आणि चार-पाच दिवसांत पीच आणि मग मलई रंगापर्यंत उतरत जाते; एकाच झुडपावर तिन्ही छटा एका वेळी दिसतात. वास जवळजवळ नाही. रेड चार्म (1944) गडद लाल, बॉम्ब घडणीची. बकआय बेल (1956) चॉकलेटी लाल, निमदुहेरी, दांडी मजबूत. या तिघींनाही अमेरिकन पिओनी सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेलं आहे. 8 क्रमांकाच्या विभागात राहणाऱ्यांनी निवड याच गटातून करावी, कारण ऊन चढण्याआधी यांचं फुलणं उरकतं.

याच प्रकारात बडीशेपेच्या पानांसारखी बारीक पानं असलेली पिओनिया टेन्युइफोलिया येते. ती फूट-दीड फुटावर थांबते, सर्वांत आधी फुलते, आणि उन्हाळ्यात पानं लवकर पिवळी पडतात. रोप मेलं असं समजून ते उपटू नका.

दुसरा प्रकार: ट्री पिओनी

नावात झाड असलं तरी हे चार ते सहा फुटांचं झुडूप आहे. तपकिरी लाकडी फांद्या हिवाळाभर उभ्या राहतात, पानं गळतात, आणि वसंतात त्याच फांद्यांवरच्या कळ्या फुटतात. चीनमध्ये शेकडो वर्षं मान मिळवलेली पिओनी ती हीच. लुओयांग शहरात दर एप्रिलमध्ये तिचा महोत्सव भरतो. फूल सात-आठ इंचांचं, कधी त्याहूनही मोठं, आणि मऊ दांड्याच्या बहुतेक जातींच्या आधी येतं.

जपानी जातींची फुलं हलकी, निमदुहेरी, फांदीवर ताठ: पांढरी रेनकाकू, फिकट गुलाबी हानाकिसोई, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची शिमानिशिकी. चिनी जातींची फुलं जड आणि पानांत थोडी दडलेली असतात. पिवळा रंग हवा असेल तर हाय नून (1952) घ्या. अमेरिकेतल्या सॉन्डर्स यांनी केलेला हा संकर पिवळा, पाकळीच्या बुडाशी लाल ठसा असलेला. उन्हाळ्यात कधीकधी पुन्हा एखादं फूल देतो. कडाक्याच्या थंडीत रॉकी गटातल्या जाती जास्त तगतात. पांढऱ्या पाकळ्यांच्या बुडाशी काळपट जांभळे ठसे, ही त्यांची ओळख.

ट्री पिओनीला दुपारच्या कडक उन्हापासून थोडी सावली मिळाली तर फूल दोन दिवस जास्त टिकतं. पूर्वेकडे तोंड असलेली, वाऱ्यापासून आडोशाची जागा तिच्यासाठी राखा. वाढ सावकाश. कलम लावल्यावर तीन ते पाच वर्षांनी ती खरी रंगात येते.

तिसरा प्रकार: इतो संकर

दोन्ही प्रकारांचा संकर होत नाही अशी समजूत अनेक वर्षं होती. जपानमध्ये तोइची इतो यांनी 1948 मध्ये मऊ दांड्याच्या पांढऱ्या पिओनीवर पिवळ्या ट्री पिओनीचा पराग लावून तो जमवला. 1956 मध्ये ते गेले. त्या रोपांची फुलं त्यांना पाहता आली नाहीत. पुढे न्यूयॉर्कच्या लुई स्मिर्नो यांनी ती अमेरिकेत आणली आणि 1974 मध्ये त्यांची नोंदणी झाली. नर्सरीत पाटीवर ‘इतो’ किंवा ‘इंटरसेक्शनल’ असं लिहिलेलं असतं.

यांची पानं ट्री पिओनीसारखी खोल कातरलेली, गडद, आणि थंडी पडेपर्यंत हिरवीगार. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, पण बुडाशी तीन-चार इंच लाकडी खुंट राहतात आणि काही डोळे त्या खुंटांवरही असतात. झुडूप अडीच-तीन फूट उंच आणि चार फुटांपर्यंत रुंद होतं. दांड्या ताठ, आधार लागत नाही. एका दांडीवरच्या कळ्या एकामागून एक उघडतात, त्यामुळे जुनं झुडूप तीन-चार आठवडे फुलत राहतं.

बार्टझेला ही लिंबासारखी पिवळी, दुहेरी, मंद वासाची जात विस्कॉन्सिनच्या रॉजर अँडरसन यांची, 1986 ची. त्यांचीच कोरा लुईझ पांढरी, मधे जांभळट ठसा असलेली. गार्डन ट्रेझर (1984) पिवळी, निमदुहेरी, पावसात बार्टझेलाहून बरी वागणारी. हिलरीचा रंग गुलाबी-लालसर उघडून मलईकडे जातो. किंमत मऊ दांड्याच्या पिओनीच्या दुप्पट-तिप्पट असते. बागेत एकाच पिओनीला जागा असेल तर ती इतो असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे: आधाराची कटकट नाही, करपा कमी, आणि फुलं संपल्यावरही झुडूप देखणं राहतं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडी परिसरासारख्या सौम्य हिवाळ्याच्या भागात, त्यातल्या त्यात भरवसा ठेवावा तो हिच्यावर आणि ट्री पिओनीवर.

फुलांचा काळ लांबवायचा असेल तर जाती वेळेनुसार लावा. बारीक पानांची किंवा कोरल चार्मसारखी संकरित, मग फेस्टिव्हा मॅक्सिमा, मग सारा बर्नहार्ट आणि बार्टझेला, एवढ्यावर पाच-सहा आठवडे निघतात. एकाच जातीची चार रोपं लावली तर सगळा बहर दहा दिवसांत संपतो.

लागवड: वेळ आणि खड्डा

उत्तर गोलार्धात लागवडीचा काळ गणपतीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. जमीन गोठण्याआधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. थंड भागात सप्टेंबरच गाठावा, ब्रिटनमध्ये नोव्हेंबरही चालतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हाच हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो. वसंतात मोठ्या दुकानांत पिशवीतली सुकी मुळं विकायला ठेवतात. ती स्वस्त असतात, पण कोंब पिशवीतच फुटलेले असतात आणि मुळं वाळलेली. घेतलीच तर त्याच दिवशी लावा आणि एक वर्ष मागे पडणार हे गृहीत धरा. कुंडीतलं रोप वसंतात लावायला हरकत नाही.

उघडं मूळ घेताना त्यावर तीन ते पाच डोळे असावेत. डोळे म्हणजे उसाच्या कांडीवर असतात तसे, गुलाबी-पांढरे, बोटाच्या पेराएवढे टोकदार कोंब. एक-दोन डोळ्यांचा तुकडा जगतो, पण फुलायला दोन वर्षं जास्त घेतो. मुळावर मऊ, काळी, वास येणारी जागा असेल तर ती धारदार चाकूनं निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापा.

जागेला रोज सहा तास ऊन हवं. मोठ्या झाडाची मुळं जवळ नकोत, कारण पिओनी त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा, इतो आणि ट्री पिओनीला चार फूट. हे अंतर पहिल्या वर्षी उगाच वाटतं, पण हवा खेळली नाही की बुरशी येते. जागा नीट विचार करून ठरवा: पिओनी पन्नास वर्षंही एका जागी राहते आणि हलवलेलं तिला आवडत नाही.

खड्डा दीड फूट रुंद, दीड फूट खोल. पाण्याचा निचरा तपासायला खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांतही जिरलं नाही तर तिथे गादीवाफा करून आठ-दहा इंच उंचीवर लावा. चिकणमातीत खड्ड्याच्या तळाशी खडी घालण्याची पद्धत आहे, ती टाळा; पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळं कुजतात. उकरलेल्या मातीत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा आणि मूठभर हाडांचा चुरा तळाशी द्या. मातीचा सामू (pH) 6.5 ते 7 असावा. माती आम्लधर्मी असेल तर बागेचा चुना मिसळा. ताजं शेणखत मुळाला लागता कामा नये, त्यानं गड्डा कुजतो.

किती खोल: इथेच बहुतेकांचं चुकतं

मऊ दांड्याच्या पिओनीचे डोळे मातीच्या पातळीखाली दीड ते दोन इंचांवर हवेत. उष्ण भागात एक इंच, त्याहून खोल नाही. डोळे चार इंच खोल गेले की रोप जगतं, पानं देतं, आणि वर्षानुवर्षं फुलत नाही. डोळ्यांपर्यंत पुरेसा गारठा पोचत नाही आणि कोंबाची ताकद वर येण्यातच खर्च होते.

नुसत्या नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. खड्ड्यात मधे मातीचा उंचवटा करा, त्यावर गड्डा ठेवून मुळं चहूबाजूंना खाली पसरवा, खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. अर्धी माती भरून हातानं दाबा, बादलीभर पाणी ओता, ते जिरल्यावर पुन्हा मोजा. भुसभुशीत माती बसली की गड्डाही तिच्याबरोबर खाली जातो, म्हणून हे दुसरं मोजमाप चुकवू नका. कुंडीतल्या रोपाचेही डोळे बोटानं माती सरकवून तपासा. नर्सरीतही ती पुष्कळदा खोल बसवलेली असतात. आणि वर टाकलेलं लाकडी भुशाचं आच्छादन हीसुद्धा खोलीच असते. दर वर्षी दोन इंच भुसा टाकत गेलात तर नीट फुलणारी पिओनी चौथ्या वर्षी थांबते.

इतोसाठी डोळे दीड-दोन इंच खाली, आणि लाकडी खुंट असेल तर त्यावरचे डोळे वर राहिले तरी हरकत नाही.

ट्री पिओनीचा हिशेब उलटा आहे. बाजारातली बहुतेक रोपं मऊ दांड्याच्या पिओनीच्या मुळावर बांधलेली कलमं असतात. कलमाचा सांधा बोटांना जाडसर लागतो, आणि मुळाची साल व फांदीची साल तिथे वेगळी दिसते. हा सांधा मातीखाली चार ते सहा इंच गेला पाहिजे. मग फांदीला स्वतःची मुळं फुटतात आणि काही वर्षांत ती खालच्या मुळावर अवलंबून राहत नाही. सांधा वर राहिला तर खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मूळ, स्वतःचे फुटवे काढतो आणि वरचं कलम हळूहळू मरतं. तुमच्या लाल ट्री पिओनीला एक दिवस भलतीच गुलाबी फुलं आली, तर झालं ते हेच. असे फुटवे पानांवरून लवकर ओळखता येतात: कलमाची पानं निळसर, मंद आणि टोकाला कातरलेली, तर खुंटाची चकचकीत हिरवी आणि अखंड कडेची. दिसताच माती उकरून मुळापासून तोडा. वर छाटलेत तर दुप्पट येतील.

वर्षभराची कामं

पहिल्या वर्षी आठवड्याला एक इंच पाणी, पावसासकट. नंतर उन्हाळ्यातल्या लांब उघडिपीतच द्यावं लागतं. पण ऑगस्टमध्ये दुर्लक्ष करू नका, पुढच्या वर्षीचे डोळे तेव्हाच भरत असतात. लागवडीच्या वर्षी आणखी खत नको. दुसऱ्या वर्षापासून कोंब तीन-चार इंचांचे झाले की नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेलं, पिशवीवर 5-10-10 लिहिलेलं खत मूठभर, गड्ड्यापासून सहा इंच दूर गोलाकार टाका. हिरवळीला घालायचं खत वाऱ्यानं किंवा पावसानं वाफ्यात येऊ देऊ नका. त्यातल्या नत्रानं पानं माजतात आणि कळ्या कमी होतात.

दुहेरी फुलांच्या जातींना तारेचं कडं कोंब वीतभर असतानाच लावा. झुडूप मोठं झाल्यावर कडं चढवायला गेलात तर दांड्या मोडतात. एकच मोठं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. एकेरी आणि जपानी जातींच्या ठेवा, बहर लांबतो.

कळ्यांवर मुंग्या येतातच. कळीच्या बाहेरच्या दलांवर गोड रस सुटतो, त्यासाठी त्या येतात. त्या फूल उघडायला मदत करत नाहीत आणि नुकसानही करत नाहीत. फवारणी करू नका; घरात आणायच्या फुलांवरच्या मुंग्या झटकून टाका.

फुलदाणीसाठी फूल उघडायच्या आधी कापा. कळीला रंग दिसू लागलेला असावा आणि दोन बोटांत दाबली तर ती मऊ लागावी. कडक कळी पाण्यात उघडत नाही. सकाळी कापून, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. साठवायच्या असतील तर कोरड्याच कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आडव्या ठेवा, दोन-तीन आठवडे राहतात. फ्रिजमध्ये सफरचंदं-केळी नकोत, त्यांच्या वायूनं कळ्या खराब होतात. बाहेर काढल्यावर दांडीचं टोक नव्यानं कापा आणि कोमट पाण्यात ठेवा. रोपाला तीन वर्षं होईपर्यंत कापू नका, आणि नंतरही एका झुडपावरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दांड्या घेऊ नका. घेतलेल्या दांडीखाली दोन-तीन पानं राहिलीच पाहिजेत.

कोमेजलेली फुलं पहिल्या मजबूत पानाच्या वर कापा. पानांना मात्र शरद ऋतूपर्यंत हात लावू नका, कितीही कंटाळवाणी दिसली तरी.

पानं पिवळी-तपकिरी झाली की मऊ दांड्याची पिओनी जमिनीपासून एक-दोन इंचांवर कापून टाका. इतो चार ते सहा इंचांवर कापा, खुंटावरचे डोळे वाचवून. ट्री पिओनी कापायची नाही. पानं फक्त वेचा, आणि वसंतात डोळे फुगल्यावर मेलेली टोकं तेवढी छाटा. बागकाम करणाऱ्या कंपनीला काम दिलेलं असेल तर ट्री पिओनीला रंगीत फीत बांधून ठेवा. इतर झुडपांबरोबर ती सरसकट कापली जाते, आणि पुढची दोन-तीन वर्षं फूल मिळत नाही.

पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठल्यावर तीन-चार इंच पेंढा किंवा पाइनच्या सुया पसरा, म्हणजे गोठणं-वितळणं चालू असताना गड्डा वर उचलला जाणार नाही. वसंतात कोंब दिसण्याआधी ते काढा.

रोग, आणि फूल न येणं

बोट्रायटिस या बुरशीचा करपा सर्वांत जास्त त्रास देतो. ओल्या, गार वसंतात कोवळे कोंब बुडाशी काळे पडून मान टाकतात, वाटाण्याएवढ्या कळ्या तपकिरी होऊन थांबतात, आणि दमट हवेत त्यावर राखाडी लव दिसते. काळा भाग दिसताच कोरड्या दिवशी निरोगी भागापर्यंत कापा, पिशवीत भरून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कात्री दर वेळी अल्कोहोलनं पुसा. बुरशी जुन्या दांड्यांत हिवाळा काढते, म्हणून शरदातली स्वच्छता हा खरा उपाय आहे. वरून पाणी शिंपडणं बंद करा. दर वर्षी येत असेल तर कोंब निघताना तांबेयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेनं द्या.

उन्हाळ्याच्या शेवटी येणारी भुरी दिसायला वाईट, पण रोप मारत नाही. पानांवरचे जांभळट चकचकीत डाग ही वेगळी बुरशी. तिलाही शरदातली कापणी आणि मोकळी हवा पुरते. फिक्या रंगाच्या दुहेरी कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या अर्धवट उघडल्या तर आत फुलकिडे आहेत का ते पाकळ्या सोलून बघा.

फूल येत नसेल तर या क्रमानं तपासा. रोप तीन वर्षांहून लहान आहे का? असेल तर थांबा. डोळे दोन इंचांहून खोल आहेत का? माती सरकवून मोजा, आणि खोल असतील तर सप्टेंबरमध्ये उचलून पुन्हा लावा. शेजारचं झाड वाढून सावली आली आहे का? कळ्या येऊन वाळतात की येतच नाहीत, हेही नीट बघा. येऊन वाळत असतील तर वसंतातली उशिराची कडाक्याची थंडी, कोरडी माती, करपा किंवा अचानक चढलेली उष्णता, यांपैकी काहीतरी आहे. येतच नसतील तर खोली, सावली, नत्र, किंवा मागच्या वर्षी पानं लवकर कापणं. आणि थंडीच पुरत नसेल तर इलाज नाही.

कुंडीत पिओनी जेमतेम राहते. लावायचीच तर दीड फूट व्यासाची कुंडी, बुटकी जात, आणि कडक थंडीत न तापवलेलं गॅरेज. मांजर-कुत्रं असलेल्या घरात लक्षात ठेवा, पिओनी त्यांना बाधते, उलट्या-जुलाब होतात. मुळांचे तुकडे इकडे-तिकडे टाकू नका.

झुडूप वाटून घ्यायचं असेल तर सप्टेंबरच्या मध्यावर. दांड्या कापा, गड्ड्यापासून फूटभर अंतरावरून खणत सबंध गड्डा उचला, माती धुऊन काढा आणि दोन तास सावलीत ठेवा; मुळं थोडी लवचिक होतात, नाहीतर कापताना तुटतात. मग तीन ते पाच डोळे आणि पेन्सिलीहून जाड तीन-चार मुळं असे भाग करा. मऊ दांड्याच्या पिओनीला मजबूत चाकू पुरतो. इतोचा गड्डा लाकडासारखा टणक असतो, त्याला बारीक दातांची करवत लागते, आणि पाचव्या-सहाव्या वर्षाआधी त्याला हात लावू नये. ट्री पिओनीचं कलम वाटता येत नाही, तिचं नवं रोपच घ्यावं. वाटलेले भाग जुन्याच खड्ड्यात लावू नका. तिथेच लावायचे असतील तर दीड फूट खोलीपर्यंतची माती बदला, आणि प्रत्येक रोपाजवळ जातीचं नाव पेन्सिलीनं लिहिलेली पट्टी खोचा. शाई एका हिवाळ्यात पुसली जाते, पेन्सिल टिकते.